लिहिण्याचा सूर कसा ठरवायचा? सांगलीकडच्या नवोदितांसाठी

नव्याने लिहायला बसलेल्या माणसाची अडचण विषयाची नसते. आपल्या जिल्ह्यात विषय पायलीचे पन्नास पडलेत: हळद, द्राक्ष, बेदाणा, महापूर, ऊसदर, नाटक, मिरजेची तंतुवाद्यं. घोडं अडतं ते पहिल्या वाक्यात. फोनवर मित्राला बागेतली भुरी अर्धा तास रंगवून सांगणारा माणूस कागद समोर आला की एकदम "सदर रोगाचा प्रादुर्भाव झाल्याचे निदर्शनास आले" असं लिहितो. नाहीतर पार दुसऱ्या टोकाला जातो, दर ओळीला "मित्रांनो" म्हणतो आणि वाक्यामागे तीन-तीन उद्गारचिन्हं ठोकतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सुरातला एक भाग कायम ठेवायचा आणि एक भाग विषयागणिक बदलायचा. कायम ठेवायचं ते वाचकाशी असलेलं नातं: त्याला काय म्हणून हाक मारता, किती बरोबरीने बोलता. बदलायचा तो वेग, लांबी आणि थट्टा. नवखे लोक बरोबर याच्या उलट करतात. एका लेखात वाचकाला "आपण" म्हणतात, पुढच्यात "भावा", आणि थट्टा मात्र लग्नातही तीच, मयतीतही तीच.

पायरी १: वाचक कोण, आणि तो कुठल्या वेळी वाचतोय

"शेतकरी वर्ग" असं लिहून भागत नाही. असा वाचक डोळ्यासमोर आणा: तासगाव तालुक्यातला दोन एकरांचा बागायतदार, ऑक्टोबर छाटणी होऊन बाग फुटलेली, रात्री पाऊस पडून गेलाय, सकाळी ब्लोअर ट्रॅक्टरला जोडलाय आणि हातात फोन आहे. त्याला तुमच्याकडून एवढंच हवंय की आज फवारायचं का, काय फवारायचं, किती प्रमाणात. तुमच्या आजोबांनी पहिली बाग कशी लावली हे त्याला त्या घडीला नको असतं.

हाच माणूस मे महिन्यातल्या दुपारी निवांत असतो. बेदाणा शीतगृहात पडलेला असतो, सौद्यात दर काय निघतोय याकडे कान असतो. त्या वेळी तो आजोबांची गोष्ट आनंदाने वाचेल, वर दोन आठवणी स्वतःच्याही सांगेल.

म्हणून लिहिण्याआधी कागदाच्या कोपऱ्यात तीन गोष्टी लिहा: कोण वाचणार, केव्हा वाचणार, वाचून झाल्यावर काय करणार. तिसरीचं उत्तर सापडत नसेल तर लेख अजून पिकलेला नाही, थोडं थांबा.

वेळेमुळे सूर किती बदलतो हे बघायला पुरासारखं उदाहरण नाही. सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलापाशी फुटांत मोजतात. पूल १९२९ चा. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्यामुळे पावसाळ्यात अख्खं शहर एकमेकांना एकच विचारतं, "किती झालं?" आता समजा, तुम्हाला गल्लीच्या ग्रुपवर चार ओळी टाकायच्या आहेत. एक नमुना असा:

"कृष्णा नदीच्या पाणीपातळीत वाढ होत असल्याने नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे असे आवाहन करण्यात येत आहे."

दुसरा:

"संथ वाहणाऱ्या कृष्णामाईनं पुन्हा एकदा रौद्र रूप धारण केलंय आणि सांगलीकरांच्या काळजाचा ठोका चुकलाय!!!"

तिसरा:

"आयर्विन पूल, सकाळी ८ वाजता ३९ फूट. इशारा ४० ला. सूर्यवंशी प्लॉटमधल्यांनी जनावरं आणि कागदपत्रं आत्ताच हलवा, संध्याकाळची वाट बघू नका. पुढचा आकडा दुपारी १२ ला टाकतो."

पहिल्यात आवाहन कोण करतंय ते नाही, पाणी किती ते नाही, आणि सतर्क राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं तेही नाही. वाचणारा म्हणतो, बरं, आणि फोन खिशात ठेवतो. दुसऱ्यात लिहिणाऱ्याला पुरापेक्षा स्वतःच्या शब्दांचं कौतुक जास्त आहे. तिसऱ्यात एकही भडक विशेषण नाही, तरी काळजी सगळी त्यातच आहे. आकड्याबरोबर वेळ दिली आहे, कारण पुरात चार तासांपूर्वीचा आकडा शिळा असतो आणि असे शिळे आकडे ग्रुपांवर दिवसभर फिरत राहतात. "टाकतो" या क्रियापदातून हेही कळतं की मागे कोणीतरी माणूस बसलाय आणि तो १२ वाजता परत येणार आहे. अर्थात, असं लिहिलंत की १२ ला यावंच लागतं.

पाणी उतरून दोन महिने झाले की हाच विषय सावकाश लिहिता येतो. हरिपूरला हळद साठवायची जमिनीतली पेवं होती, २००५ च्या पुरात त्यांतली कितीतरी गेली. त्यावर लिहायचं तर वाक्यं लांब चालतील, पेवात उतरणाऱ्या माणसाचं वर्णन चालेल, हळहळही चालेल. पूर तोच, लिहिणारा तोच, पण वाचणाऱ्याच्या दारात आता पाणी नाही.

पायरी २: तू, तुम्ही की आपण

हे एकदाच ठरवा आणि वर्षभर हलवू नका. माझं मत सरळ "तुम्ही"ला. आपल्याकडे वडीलधारी माणसं सगळ्या गावाला अरेतुरे करतात आणि ते गोडही वाटतं, कारण समोर चेहरा असतो. कागदावर तो चेहरा नसतो, मग तेच "तू" कधीकधी टोचतं. फक्त शाळेतल्या मुलांसाठी लिहीत असाल तर "तू" चांगलं.

"आपण" जपून वापरा. "आपण अर्ज भरावा" यातला आपण म्हणजे समोरचा, आणि "आपण आता काडी तपासू" यातला आपण म्हणजे दोघं मिळून. एका लेखात दोन्ही आले की वाचक गोंधळतो. मी दुसरा ठेवतो, पहिला निमंत्रणपत्रिकेला सोडून देतो.

स्वतःला "मी" म्हणा. "आम्ही" तेव्हाच, जेव्हा खरंच चार माणसं मिळून ते काम करत असतील. "प्रस्तुत लेखकाला असे वाटते" हे वाचलं की मला टाय घातलेला माणूस बांधावर उभा असल्यासारखं वाटतं.

नातं सगळ्यात जास्त दिसतं ते सांगण्याच्या क्रियापदात. फवारा, फवारावे, फवारायला हवं, फवारून बघा: चारही बरोबर, पण चौघांचं वजन वेगळं. "फवारावे" पुस्तिकेतून येतं, त्यामागे माणूस दिसत नाही. "फवारा" हा स्पष्ट शब्द आहे. जिथे चूक महागात पडते तिथे तोच वापरा. "फवारून बघा" म्हणजे माझा अनुभव आहे, तुमच्या बागेचं मला माहीत नाही. गंमत अशी की नवीन लिहिणारे इथे हमखास अदलाबदल करतात. औषधाच्या प्रमाणाबद्दल "थोडं कमी-जास्त करून बघा" म्हणतात आणि चहात आलं किती घालायचं ते मात्र "घालावे" म्हणून बजावतात.

औषधाच्या डब्यावर विषारीपणाची खूण असते: लाल, पिवळा, निळा, हिरवा, लाल सगळ्यात जहाल. त्या खुणेबद्दल, हातमोज्यांबद्दल, काढणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची त्याबद्दल लिहिताना सगळी सैल क्रियापदं काढून टाका. "शक्यतो हातमोजे वापरलेले बरे" असं लिहिलंत तर हातमोजे कोणी घालणार नाही. "हातमोजे घाला" एवढंच लिहा.

पायरी ३: "केले" की "केलं"

अर्ज, इतिवृत्त, संस्थेचा अहवाल, अनुदानाचा प्रस्ताव: "केले, झाले". बाकी बहुतेक सगळं "केलं, झालं" मध्ये चालतं आणि वाचायला हलकं जातं. क्रियापदात अनुस्वार आणि बाकी "त्याने, तिथे" अशी मिसळ पुष्कळ जण करतात, हा लेखही तसाच आहे. चालतं, पण मग शेवटपर्यंत तसंच चालवा. "त्यानं सांगितले की पाणी आलं आहे व रस्ता बंद झाला असून" असली धेडगुजरी दिसली की वाचकाला वाटतं दोन माणसांनी मिळून लिहिलंय.

पायरी ४: धंद्याचे शब्द

ज्याचा धंदा आहे त्याच्यासाठी लिहिताना त्याचेच शब्द. कृषी पुस्तिकेत द्राक्षावरच्या एका रोगाचं नाव "केवडा" असं छापलेलं असतं, बांधावर त्याला डाऊनी म्हणतात. बागायतदारासाठी लिहिताय तर डाऊनीच लिहा. "भ्रमणध्वनी"वर कुणी फोन करत नाही आणि "कर्तनोत्तर फवारणी" कुणी करत नाही, छाटणीनंतरची करतात.

बाहेरच्या वाचकासाठी लिहिताना मात्र तोच शब्द वाक्यातच उलगडून द्यावा लागतो. कंस नको, तळटीपही नको. मिरजेच्या सतारीबद्दल लिहिताना "मग जवारी काढतात" एवढं लिहिलंत तर जाणकार मान डोलावतील आणि बाकीचे पान उलटतील. त्याऐवजी: "तारा जिच्यावरून जातात त्या घोडीचा वरचा भाग कानसीने कणाकणाने घासत, मध्येच तार छेडून ऐकत, नाद मोकळा होईपर्यंत ते थांबत नाहीत, यालाच जवारी काढणं म्हणतात." काम आधी दाखवलं, नाव नंतर दिलं. जाणकाराला यात अपमान वाटत नाही आणि नवख्याला शाळेत बसवल्यासारखं होत नाही.

पाण्याचंही तसंच. कोयनेतून किती क्युसेक विसर्ग सुटला हे सांगलीत भाजीवालीलाही समजतं. पण लेख नागपूरचा वाचक वाचणार असेल तर "सेकंदाला इतके घनफूट पाणी" असं एकदा म्हणा आणि पुढे खुशाल क्युसेक वापरा. बेदाण्यावर लिहिताना "साधारण चार किलो द्राक्षं वाळली की एक किलो बेदाणा" हे एक वाक्य शहरी वाचकाला दराचं सगळं गणित समजावून देतं.

याच ओघात विशेषणांचं सांगून टाकतो. "जगप्रसिद्ध", "सुप्रसिद्ध", "ऐतिहासिक", "भव्यदिव्य" हे शब्द बॅनरवर इतके वापरून झालेत की आता ते वाचले जात नाहीत. त्या जागी माहिती घाला. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये, हळदीला २०१८ मध्ये आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. एवढं लिहिलं की "जगप्रसिद्ध" म्हणायची गरज उरत नाही. आपल्या गावाचा अभिमान असावाच, पण तो आपण न बोलता वाचकाच्या तोंडून आला तर जास्त शोभतो.

पायरी ५: बोली किती घ्यायची

जिल्हा एक असला तरी बोलणं एक नाही. जतेकडे कानडीचा हेल आहे, आटपाडीचं माणदेशी वेगळं, वाळवा-शिराळ्याचं वेगळं, मिरजेत मराठीला कानडी आणि उर्दू दोन्ही लगटून असतात. त्यामुळे "सांगलीची बोली" म्हणून एकच साचा करू नका; लोक लगेच ओळखतात की हा पाहुणा आहे.

सोपी वाट ही: निवेदन प्रमाण मराठीत, आणि माणसं बोलतील ती त्यांच्या बोलीत. "या की, कधी आलासा?" यातला "सा" म्हणजे आपल्याकडचं अहोजाहो. ते "कधी आलात?" करून टाकलं की माणूस उठून पुण्याला गेल्यासारखा वाटतो. पण एक पथ्य पाळा. साहेब प्रमाण बोलतो आणि मजूरबाई तेवढी बोली बोलते, अशी वाटणी करू नका. आपल्याकडचे डॉक्टर आणि वकीलही घरी "काय करालाईस?" असंच विचारतात. बोली फक्त गरिबाच्या आणि हशाच्या ओळीला दिली की ती टिंगल होते, लिहिणाऱ्याचा हेतू काही का असेना.

पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळा लेख बोलीत लिहायचा असेल तर जरूर लिहा. तो फार ताकदीचा प्रकार आहे. फक्त पहिल्या सहा महिन्यांत नको.

पायरी ६: राग आणि थट्टा

रागावून लिहायचे विषय आपल्याकडे कमी नाहीत. ऊसबिल थकलंय असं समजा. हात शिवशिवतात, "लुटारू", "रक्तपिपासू" असे शब्द आपोआप येतात. ते लिहून काढा, मन मोकळं होऊ द्या आणि तो कागद बाजूला ठेवा. मग दुसऱ्या कागदावर मुद्द्याचं लिहा: ऊस कोणत्या तारखेला गेला, वजन किती भरलं, बिल किती व्हायला हवं, आलं किती. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज. तारीख आणि हा नियम शेजारी ठेवला की शिवी द्यावीच लागत नाही. समोरचाही शिवीला शिवीने उत्तर देऊ शकतो, तारखेला तारीखच द्यावी लागते. रागाचा लेख जितका थंड सुरात, तितका तो टिकतो. सभेतल्या भाषणाचं गणित वेगळं, ते इथे लावू नका.

थट्टेचा नियम छोटा आहे. स्वतःची करा, सत्तेतल्याची करा, ज्याचं नुकसान झालंय त्याची करू नका. गारपिटीच्या आठवड्यात द्राक्षांवरचा विनोद कितीही चांगला सुचला तरी तो मनात ठेवा. आणि विनोद करून झाल्यावर कंसात हसू नका.

पायरी ७: मोठ्याने वाचा

१८४३ मध्ये मराठी रंगभूमीचा पहिला खेळ सांगलीत झाला. तेव्हापासून हे नाटकवाल्यांचं गाव. संवाद तोंडात बसतो का हे इथे तालमीत तपासतात, लेखाचंही तसंच तपासा. दार लावून घ्या आणि मोठ्याने वाचा. जिथे दम लागतो तिथे वाक्य तोडा. जिथे आवाज आपोआप सूत्रसंचालकासारखा चढतो ती ओळ बहुतेक खोटी असते. जिथे घरातलं कोणी आतून "काय म्हणालास?" असं विचारतं, तिथे काहीतरी जमलंय.

जोडक्रियांवरही कान ठेवा. "करण्यात आले", "देण्यात येईल", "घेण्यात यावा" अशी वाक्यं निळ्या पेनने खुणावा आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: कोणी? उत्तर मिळालं की तेच कर्ता म्हणून वाक्याच्या सुरुवातीला ठेवा. "रस्ता बंद करण्यात आला" याचं "पोलिसांनी रस्ता बंद केला" झालं की अर्धं काम होतं. कधीकधी उत्तर मिळतच नाही, आणि मग लक्षात येतं की आपल्याला माहिती अपुरी आहे. मग सूर नंतर बघा, आधी फोन उचलून विचारा.

पायरी ८: अर्ध्या पानाचा नियम, आणि एक वाचक

चार-पाच लेख झाले की स्वतःसाठी अर्धं पान लिहून भिंतीला लावा. माझ्या ओळखीतल्या बागेवर लिहिणाऱ्या एकाचं पान साधारण असं आहे: वाचकाला तुम्ही. स्वतःला मी. केलं-झालं. औषधाचं नाव आणि प्रमाण वेगळ्या ओळीत. मित्रांनो नाही. फवारणीच्या लेखात विनोद नाही, बाजारभावाच्या लेखात एखादा चालेल. आकड्याबरोबर तारीख. बस, एवढंच. हे पान वर्षातून एकदा बदला, दर लेखाला नको.

मग लेख एका माणसाला द्या, ज्याच्यासाठी लिहिलाय त्याच्यासारख्याच. मराठीच्या शिक्षकांना नंतर दाखवा, ते शुद्धलेखन बघतील आणि ते हवंच. पण बागेचा लेख आधी बागेतल्या माणसाकडे. त्याला "कसा वाटला?" असं विचारू नका, कारण आपल्याकडे तोंडावर कुणी वाईट म्हणत नाही. "छान लिहिलंयस की" ऐकून तुम्ही खूश व्हाल आणि हाती काहीच लागणार नाही. विचारा, "वाचून आता काय करशील?" तो जे सांगेल ते तुमच्या कोपऱ्यातल्या तिसऱ्या ओळीशी जुळवून बघा. जुळलं नाही तर त्याला परत वाचायला लावा आणि वाचताना तो कुठल्या ओळीवर थांबतो, कुठली ओळ सोडून खाली जातो, ते नुसतं बघत बसा. दुरुस्ती त्या ओळीपासून सुरू करा.